सफरचंद औषध नव्हे, अन्न आहे

वस्तीत कुणाचे ऑपरेशन झाले, कुणी बाळंत झाली, कुणाला टायफॉइडने गाठले, की भेटायला जाणाऱ्याच्या हातात एक पिशवी असते आणि त्या पिशवीत बहुतेक वेळा सफरचंदेच असतात. आम्ही दवाखान्याच्या वॉर्डात अनेक वर्षे काम केले. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर सफरचंदे कशी साठत जातात, ते रोज पाहिले. पेशंटच्या तोंडाला चव नसते. नातेवाइकांना पेशंटचे फळ खायला संकोच वाटतो. घरी जायच्या दिवशी निम्मी फळे मऊ पडलेली असतात आणि ती कचऱ्याच्या डब्यात जातात. ज्याने ती आणली, त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी त्या डब्यात जाते.

दुसरीकडे सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हीच सफरचंदे संध्याकाळच्या हातगाडीवर वाट्याने विकली जातात. थोडी दबलेली, थोडी डागी, कमी भावाची. ती घ्यावीत की नाही, घेतली तर काय करावे, हे बायकांना कळत नाही. घेतलेली घरात पडून राहतात आणि खराब होतात.

या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, असे आमचे मत आहे. आपण सफरचंदाला औषध मानून बसलो आहोत. औषध म्हणून ते महाग घेतो, आजाऱ्यापुढे ठेवतो आणि जपून ठेवता ठेवता वाया घालवतो. ते साधे अन्न आहे असे मानले, तर स्वस्त मिळेल तेव्हा घेऊ, शिजवू, मुलाबाळांना खाऊ घालू. आणि औषधाच्या जागी जे खरोखर लागते, त्याकडे आपले लक्ष जाईल.

चिरल्यावर काळे पडते, म्हणजे लोह आहे का?

वस्तीत आम्हाला हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे : "सफरचंदाने रक्त वाढतं. बघा ना, कापल्यावर काळं पडतं, त्यात लोह असतं."

हे खरे नाही. सफरचंद चिरले की गरातल्या पेशी फुटतात. त्यातले एक एन्झाइम मोकळे होते आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे गरातली काही द्रव्ये तपकिरी होतात. लोखंडाला गंज चढतो तसा हा प्रकार नव्हे. वांगे आणि बटाटाही चिरल्यावर काळे पडतात, म्हणून तर आपण ते चिरून पाण्यात टाकतो. सफरचंदाच्या फोडीला लिंबू चोळा, ती बराच वेळ पांढरी राहील. कुणीही घरात करून पाहावे.

१०० ग्रॅम सफरचंदात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये जी शिफारस केली, त्यानुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे रोज पाच-सहा किलो सफरचंदे खाल्ली तरी हिशेब जमत नाही. क जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. सफरचंदात ते थोडेच असते. त्याच वजनाच्या पेरूत कितीतरी पटींनी जास्त, आवळ्यात त्याहून जास्त. पेरू आणि आवळा आपल्या गल्लीत स्वस्त मिळतात, पण दवाखान्यात नेताना त्यांची लाज वाटते.

हा मुद्दा किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८ टक्क्यांच्या वर होते. जिना चढताना धाप लागते, पोटऱ्या दुखतात, चक्कर येते, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ही लक्षणे घेऊन बाई घरात बसून राहते, आणि घरचे प्रेमाने सफरचंद आणून देतात. प्रेम खरे असते, पण रक्त वाढत नाही.

रक्त वाढवायला काय लागते? अळीव, नाचणी, बाजरी, हरभरा, मटकी, हिरव्या पालेभाज्या. खाणाऱ्यांसाठी कलेजी, मटण, सुकट, जवळा. मांस-मासळीतले लोह शरीर अधिक सहज घेते. कडधान्य-भाजीतले लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे किंवा आवळा-पेरू खावा. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावे, कारण चहा लोह अडवतो. आणि आशाताई किंवा उपकेंद्रातली सिस्टर ज्या लोहाच्या गोळ्या देते, त्या फ्रीजवर ठेवून न देता गिळाव्यात. गोळीने मळमळले तर रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळे झाले म्हणून घाबरून बंद करू नये.

भेटायला जाताना पेशंटला काय चालते ते आधी विचारा. उकडलेली अंडी चालतील, मुगाचे कढण चालेल, कधी औषधाला पैसे दिलेले सर्वांत बरे. एक किलो चांगल्या सफरचंदांच्या पैशात बहुतेक दिवस डझनभर अंडी येतात.

मग सफरचंद खायचेच नाही का?

खायचे. जरूर खायचे. त्यात चोथा आहे, साल ठेवली तर अधिक. पोट साफ राहते, पोट भरल्यासारखे वाटते. मुलांना चव आवडते. आमचे म्हणणे एवढेच, की आजारपणात महाग घेण्यापेक्षा हंगामात स्वस्त घ्या.

हंगाम कसा चालतो ते पाहा. हिमाचलचा माल जुलै-ऑगस्टपासून येतो, काश्मीरचा सप्टेंबर ते नोव्हेंबर. देशातले बहुतेक सफरचंद काश्मीरमध्ये पिकते. तिथून ट्रक निघतात ते वाशीच्या फळबाजारात, पुण्याच्या मार्केट यार्डात, नागपूरच्या कळमन्यात पोहोचतात. वाटेत पेट्या दबतात. रस्ता बंद झाला तर माल अडकतो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग अनेक दिवस बंद पडला, तेव्हा ट्रकच्या ट्रक सफरचंदे रस्त्यातच सडली आणि शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या कष्टांची माती झाली. जो माल दबून पण न सडता इथे येतो, तो बड्या दुकानाच्या काचेत बसत नाही. तो संध्याकाळी आपल्या गल्लीत येतो.

डाग असलेले फळ घेणे कमीपणाचे नाही. हिमाचल सरकारच अशी गळालेली, डागी सफरचंदे बागायतदारांकडून ठरलेल्या भावाने विकत घेते. २०२३ मध्ये हा भाव किलोला १२ रुपये होता. त्याचा रस काढून तो विकला जातो. म्हणजे जे फळ आपण गाडीवर पाहून नाक मुरडतो, त्याचाच रस पुढे डब्यात भरून आपल्याला महाग विकला जातो.

डागी वेगळे, सडके वेगळे

मात्र एक फरक नीट ओळखायला हवा. यात चूक परवडत नाही.

आपटल्याने तपकिरी झालेला, पण वास चांगला असलेला भाग म्हणजे डाग. तो कापून टाका, बाकीचे फळ खुशाल शिजवा. सुरकुतलेले, मऊ पडलेले फळही शिजवायला चालते.

पण ज्यावर निळी-हिरवी किंवा पांढरी बुरशी आहे, जे आतून काळे पडून पाणी सुटले आहे, ज्याला आंबूस किंवा कुबट वास येतो, ते पूर्ण फेकायचे. नुसता खराब भाग कापून चालत नाही. सफरचंदाच्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचे विष तयार होते. ते आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरते आणि शिजवल्याने खात्रीने जात नाही. सफरचंदाच्या रसात ते किती असू शकते यावर म्हणूनच सरकारी मर्यादा आहे. गाडीवर वाटा घेताना तळाची फळे उलटून पाहा. विक्रेता उलटू देत नसेल तर घेऊ नका.

चकचकीत फळावर मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात धुऊन फडक्याने चांगले पुसा. बिया काढून टाका, त्या शिजवण्यात किंवा वाटण्यात जाऊ देऊ नका.

ओव्हन नाही, अंडे नाही, दूध नाही

आता करायचे काय? वाढदिवस, बारसे, जयंती, आता आपल्याकडे प्रत्येक आनंदाला केक लागतो. बेकरीचा स्वस्त केक म्हणजे मैदा, साखर आणि वरती वनस्पती तुपाची पांढरी मलई. त्यापेक्षा चांगला केक आपल्या पातेल्यात होतो.

हल्ली शहरात वीगन हा शब्द चालतो. ज्यात दूध, तूप, लोणी, अंडे, मध असे जनावराकडून किंवा माशीकडून आलेले काहीही नाही ते वीगन. हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला. आज तो महागड्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो, पण असा स्वयंपाक मुळात गरजेतून आलेला आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या घराघरांत अंडी, दूध आणि लोणी न घालता केक होत असे, कारण त्या वस्तू वाचवायच्या होत्या. आपल्या आयांनी तेला-गुळात केलेल्या गोड पोळ्या आणि शेंगदाण्याच्या दुधातल्या खिरी त्याच जातीच्या. नाव नवे आहे, चूल जुनीच आहे.

केकचे साहित्य असे : तीन मध्यम सफरचंदे, दीड वाटी गव्हाचे पीठ, अर्धी वाटी नाचणीचे पीठ, पाऊण वाटी किसलेला गूळ, पाव वाटीहून थोडे जास्त तेल, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी किंवा सुंठ. असतील तर मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट.

सफरचंदांच्या फोडी करून दोन-तीन चमचे पाणी घाला आणि झाकण ठेवून दहा मिनिटे मऊ शिजवा. गरम असतानाच गूळ घाला आणि रवीने घोटा. साधारण वाटीभर गर झाला पाहिजे. तो निवला की त्यात तेल आणि लिंबाचा रस घाला. दोन्ही पिठे, सोडा, मीठ, दालचिनी एकत्र चाळून त्यात मिसळा. भज्याच्या पिठापेक्षा थोडे दाट हवे, फार घट्ट वाटले तर चमचा-चमचा पाणी घाला. फार फेटू नका. लिंबू आणि सोडा भेटले की फुगायला सुरुवात होते, म्हणून मिश्रण ठेवून न देता लगेच तेल लावलेल्या डब्यात ओता.

शिजवायच्या दोन रीती आहेत. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात बोटभर जाडीचे मीठ पसरा, त्यावर लहान कडी किंवा वाटी पालथी ठेवा, झाकून दहा मिनिटे तापवा. मग डबा आत ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजा. ते मीठ पुन्हा-पुन्हा याच कामाला वापरता येते. दुसरी रीत गॅस वाचवणारी : मिश्रण इडलीच्या साच्यात भरा आणि १५ मिनिटे वाफवा. वाफवलेला केक ढोकळ्यासारखा मऊ होतो, वरून खरपूस होत नाही, पण मुलांना तो तितकाच आवडतो. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले.

सफरचंदे आंबट निघाली तर मेथांबा करा. तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद टाका, फोडी घाला, तिखट-मीठ-गूळ घालून दहा मिनिटे झाकून शिजवा. भाकरीशी उत्तम लागतो. गोड सफरचंदे असतील तर लिंबू पिळा. गर जास्त उरला तर गूळ आणि भाजलेले बेसन घालून आटवा आणि सांज्यासारखा पोळीत भरून तेलावर भाजा. फ्रीज नसेल तर केलेले दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीज असेल तर तीन-चार दिवस राहते.

अंडे केकमध्ये नको, ताटात हवे

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, नाहीतर आमच्या लिहिण्याचा भलताच अर्थ निघेल. आम्ही बिनअंड्याचा केक सांगतो, तो अंडे वाईट म्हणून नाही. अंड्याने काही विटाळत नाही. कुणाच्या ताटात काय आहे त्यावरून माणसाला वर-खाली बसवण्याचा खेळ आपण पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. 'शुद्ध', 'सात्त्विक' अशा पाट्या आपल्या घरात लावून घ्यायची आपल्याला गरज नाही. ज्याला करुणेपोटी मांस-अंडे सोडायचे आहे त्याने समजून-उमजून सोडावे, त्याचा आम्ही मान राखतो. मात्र त्याने डाळ, कडधान्य, शेंगदाणे, तीळ, सोयाबीन रोज खावे आणि ब-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण ते वनस्पतीतून मिळत नाही.

केकमध्ये अंडे दोन कामे करते. पीठ बांधून ठेवते आणि फुगायला मदत करते. ही दोन्ही कामे सफरचंदाचा गर आणि सोडा-लिंबू मिळून करतात. पण अंडे शरीरात जे काम करते ते सफरचंदाला जमत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, अख्ख्या सफरचंदात अर्धा-एक ग्रॅमही नसतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, तीन अंडी केकमध्ये मोडून दहा जणांत वाटण्यापेक्षा ती उकडून तीन मुलांच्या ताटात ठेवा आणि केक सफरचंदावर होऊ द्या.

हे ताटातले अंडे सहज मिळालेले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचे पैसे थांबवले आणि द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना कळवले. ज्या वस्तीत आई सकाळी सहाला धुण्याभांड्यांना बाहेर पडते, तिथल्या शाळेने वर्गणी कुणाकडून गोळा करायची? ज्यांच्या घरात अंडी परवडतात त्यांच्या शाळेत वर्गणी जमेल. ज्यांना अंड्याची खरी गरज आहे, त्यांच्या ताटातून ते गेले.

कुणाला काय द्यावे

सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला सफरचंद वाफवून, मऊ कुस्करून द्या. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ, मध घालू नका. हा केक त्या बाळासाठी नाही.

पाच वर्षांखालच्या मुलाला कच्च्या सफरचंदाची कडक फोड हातात देऊ नका. ती घशात अडकून जीव जाऊ शकतो. किसून किंवा अगदी पातळ काप करून द्या आणि खाताना त्याला बसवून ठेवा.

मधुमेह असलेल्याने गूळ म्हणजे साखर नव्हे, असे समजू नये. रक्तात दोघांचे काम सारखेच. त्यांनी एक लहान सफरचंद सालीसकट चावून खावे, रस काढून पिऊ नये आणि केकचा तुकडा चवीपुरता घ्यावा. रक्तदाब असलेल्यांनी सोड्याचे पदार्थ रोजचे करू नयेत, सोड्यात सोडियम असते.

एकत्र केले तर स्वस्त पडते

एका घराला पेटीभर सफरचंदे संपत नाहीत, दहा घरांना सहज संपतात. महिला मंडळाने या हंगामात एक रविवार ठरवावा. संध्याकाळी उतरत्या भावाची एक पेटी एकत्र घ्यावी, निवडावी, सडकी बाजूला काढावीत, आणि विहाराच्या अंगणात दोन पातेली चढवावीत. पुरुषांनी आणि मुलग्यांनी फोडी कराव्यात, हे फक्त बायकांचे काम नव्हे. त्याच आठवड्यात मंडळातल्या प्रत्येकीने सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि आकडा वहीत लिहावा. गोळ्या सुरू केल्या की डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून तो जुन्या आकड्याशी ताडून पाहावा. सफरचंदाने रक्त वाढते की गोळी, कडधान्य आणि अंड्याने, हे त्या वहीतच दिसेल. कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही, आमच्याही नाही.

आणि ज्यांची मुले शाळेत जातात, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जाऊन बसावे. समितीत निम्म्याहून जास्त जागा पालकांच्या असतात. अंड्याचे पैसे सरकारने परत सुरू करावेत, असा ठराव लेखी मांडावा आणि त्याची पोच घ्यावी. केक आपण पातेल्यात करू. पोरांचे अंडे मात्र त्यांच्या हक्काचे आहे, ते वर्गणीवर सोडू नये.